रेंटन : एका गावाच्या संघाची हकिकत

श्रोतेहो, पनवेलहून पेणकडे निघा, उरणकडे निघा, नाहीतर माथेरानच्या पायथ्याकडे वळा. गाव लहान असो की मोठे, तिथे एक कबड्डीचा संघ असायचाच. कुणाचा संघ गावदेवीच्या नावाचा, कुणाचा हनुमानाच्या, तर कुणाचा गावातल्या एखाद्या गेलेल्या कर्त्या पुरुषाच्या नावाचा. सामने लागले की चाकरमानी त्या दिवशी लवकर घर गाठतो, म्हातारी माणसे आधीच जागा धरून बसतात, आणि चढाईला गेलेला आपला गडी पकडला गेला की साऱ्या मैदानात हळहळ होते. हा संघ कोणाचा असे परक्याने विचारले, तर उत्तर एकच मिळते : गावाचा.

पण 'गावाचा संघ' या दोन शब्दांत नेमके काय काय येते? तो कशाने उभा राहतो, आणि कशाने मोडतो? आपण पाहू लागलो तर वाटते की जिंकणारा संघ टिकतो आणि हरणारा मोडतो. इतिहास मात्र काही निराळेच सांगतो. म्हणून आज मी तुम्हाला फार दूरच्या एका गावाची गोष्ट सांगणार आहे. हे गाव स्कॉटलंडात आहे. त्याचे नाव रेंटन. ज्या काळाची ही गोष्ट, त्या काळी त्याची वस्ती होती चार-पाच हजार. म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव समजा. या गावच्या फुटबॉल संघाने 1888 साली आपल्या मैदानावरच्या घराला पाटी लावली : 'जगज्जेते'. आणि ती पाटी फुशारकीची नव्हती. त्यानंतर दहा वर्षांच्या आत हा संघ मोठ्या स्पर्धेतून बाहेर पडला, आणि 1922 च्या सुमारास तो अजिबात नाहीसा झाला. तो हरला म्हणून बुडाला असे म्हणता येत नाही, आणि त्यातच आपल्याला शिकण्यासारखे आहे.

पहिल्याने हे गाव कसे होते ते पाहू. स्कॉटलंडात लॉख लोमंड नावाचे मोठे तळे आहे. त्यातून लेव्हन नावाची नदी निघते आणि आठ-दहा कोसांचाही नाही, अवघा दहा-अकरा किलोमीटरांचा प्रवास करून डंबार्टन या शहरापाशी क्लाइड नदीला मिळते. नदी लहान, पण पाणी वाहते आणि हलके. साबण लवकर फेसाळावा, कापड स्वच्छ निघावे, असे ते पाणी. म्हणून 1715 पासूनच रेंटनजवळ कापड धुऊन पांढरे करण्याचे काम सुरू झाले, आणि पुढच्या शतकात नदीकाठी रंगाचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. तिथला रंग एकच, पण सर्व जगात नावाजलेला : तांबडा. त्याला 'टर्की रेड' म्हणत. पूर्वी तो मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून काढीत. 1869 साली डांबरापासून तोच रंग कृत्रिम रीतीने बनविण्याची युक्ती निघाली. त्यानंतरच्या वर्षांत कापडाला तो रंग पक्का बसावा म्हणून एरंडेलापासून केलेले खास तेल वापरू लागले. उन्हाने विटणार नाही, धुण्याने जाणार नाही, असा तो लाल रंग होता.

आता हे लाल कापड जायचे कुठे? मौज अशी की त्याचा एक मोठा गिऱ्हाईक आपला देश होता. लेव्हनकाठचे लाल कापड आणि लाल सूत जहाजे भरभरून मुंबईला आणि कलकत्त्याला येई. त्यावर मोराची, वेलबुट्टीची नक्षी छापलेली असे. गाठोड्यावर रंगीत चिठ्ठ्या डकवीत, आणि गिऱ्हाइकाला भुरळ पडावी म्हणून त्या चिठ्ठ्यांवर आपल्या देवदेवतांची, हत्तींची चित्रे असत. त्यांतल्या कित्येक चिठ्ठ्या आजही संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. रेंटनच्या ज्या कामगाराने रंगाच्या हौदात दिवसभर हात घातले, त्याने मुंबई कधी पाहिली नव्हती, परंतु त्याची भाकरी थोडीफार मुंबईच्या बाजारावर अवलंबून होती. बोरघाटातून 1863 साली आगगाडी सुरू होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याकडे जाणारा माल आणि माणसे होडीने पनवेल बंदरात उतरत आणि पुढे घाट चढत, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नकोच. तेव्हा हे दूरचे गाव आपल्याला अगदीच परके नाही.

अशा या कामगारांच्या गावात फुटबॉल आला कसा? खेळाला आधी काय लागते? चेंडू लागतो, मैदान लागते, हे खरे. पण त्याआधी लागते सवड. सकाळी अंधारात कामाला जाऊन रात्री अंधारात परत येणारा माणूस खेळणार केव्हा? विलायतेत 1850 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील बायका-मुलांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले, आणि हळूहळू शनिवारच्या अर्ध्या सुट्टीचा पायंडा इतर धंद्यांतही पडला. विलायती फुटबॉलचा खरा जन्म या शनिवारच्या दुपारी झाला, असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी-कामगारांसाठी चळवळ केली, आणि 1890 साली त्यांना रविवारची सुट्टी मिळाली, हे शिक्षकबंधू मुलांना शिकवितातच. त्या सुट्टीचा अर्थ केवळ विश्रांती एवढाच नाही. माणूस त्या दिवशी स्वतःचा होतो, आणि मग तो भजनी मंडळ काढतो, तालीम काढतो, संघ काढतो.

लेव्हनच्या खोऱ्यात आधीपासून शिंटी नावाचा वाकड्या काठीचा आणि चेंडूचा खेळ होता. तेव्हा पोरांचे पाय आणि छाती तयार होतीच. ग्लासगो शहरात 1867 साली क्वीन्स पार्क नावाचा स्कॉटलंडमधला पहिला फुटबॉल क्लब निघाला होता. त्याच्या खेळाडूंनी खोऱ्यात येऊन हा नवा खेळ करून दाखविला, आणि 1872 साली रेंटनचा क्लब आणि शेजारच्या अलेक्झांड्रिया गावचा 'वेल ऑफ लेव्हन' क्लब असे दोन्ही उभे राहिले. त्याच साली 30 नोव्हेंबरला स्कॉटलंड आणि इंग्लंड या दोन देशांतला पहिला सामना झाला. स्कॉटलंडचे अकराही गडी क्वीन्स पार्कचे होते. सामना बिनगोल बरोबरीत सुटला, पण एक गोष्ट लोकांच्या नजरेत भरली.

इंग्लंडचा खेळाडू चेंडू पायाशी घेई आणि मान खाली घालून एकटाच धावत सुटे. चेंडू हिसकावला जाईपर्यंत तो सोडायचा नाही. स्कॉटलंडचे गडी चेंडू एकमेकांकडे देत. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. आपल्या कबड्डीत एकट्याने गडी धरायला जाणे निराळे आणि साखळीने धरणे निराळे, तसाच हा फरक होता. अंगाने थोराड असलेल्या प्रतिस्पर्ध्यालाही साखळी पुरून उरते. आज सर्व जग ज्या तऱ्हेने फुटबॉल खेळते, ती तऱ्हा बव्हंशी या स्कॉटिश गड्यांनी घालून दिली. आणि एकाच गल्लीत वाढलेली, एकाच कारखान्यात राबणारी, एकमेकांची चाल अंगवळणी पडलेली रेंटनची पोरे या खेळात तरबेज झाली, यात नवल ते काय?

स्कॉटलंडची राष्ट्रीय ढाल 1873-74 च्या हंगामात सुरू झाली. 1875 साली रेंटन अंतिम सामन्यापर्यंत गेला, पण क्वीन्स पार्ककडून तीन गोलांनी हरला. मग शेजारच्या वेल ऑफ लेव्हनने 1877, 1878 आणि 1879 अशी ओळीने तीन वर्षे ढाल नेली. डंबार्टनने 1883 मध्ये जिंकली. आणि 1885 साली अंतिम सामना कोणात झाला? रेंटन आणि वेल ऑफ लेव्हन यांच्यात! एका नदीकाठची, चालत जाण्याच्या अंतरावरची दोन गावे साऱ्या देशाच्या ढालीसाठी भिडली. पहिला सामना बरोबरीत सुटला, दुसरा रेंटनने 3-1 असा जिंकला. एवढ्याशा खोऱ्यातून तीन संघ राष्ट्रीय विजेते व्हावेत, ही गोष्ट खेळांच्या इतिहासात विरळा आहे.

पुढे आले 1888 साल. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात रेंटनने कॅम्बसलँगचा 6-1 असा धुव्वा उडविला. इंग्लंडची ढाल त्या वर्षी वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या संघाने जिंकली होती. तेव्हा दोन्ही विजेत्यांचा सामना ठरला. 19 मे 1888 रोजी ग्लासगोला वादळी पावसात तो झाला, आणि रेंटनने तो 4-1 असा जिंकला. त्या काळी फुटबॉलमध्ये हेच दोन देश सर्वांत पुढे होते. जागतिक संघटना निघाली 1904 मध्ये, आणि पहिली विश्वचषक स्पर्धा झाली 1930 मध्ये. म्हणून रेंटनकरांनी आपल्या टॉनटाइन पार्क या मैदानावर 'जगज्जेते' ही पाटी लावली, त्याला कोणी फारसे हसले नाही. या गड्यांच्या ताकदीचे गुपित म्हणजे त्यांना मिळणारा कोंबडीचा रस्सा, अशीही त्या काळी ख्याती होती. आपल्याकडेही संघ जिंकू लागला की त्याच्या खुराकाच्या गोष्टी निघतात, तसेच ते.

योगायोग पाहा. याच 1888 साली आपल्या देशात सिमल्याला ड्युरँड चषकाची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या अंतिम सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युझिलियर्स या पलटणीने हायलँड लाइट इन्फन्ट्रीला हरविले. दोन्ही पलटणी स्कॉटलंडच्या! मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा 1891 मध्ये सुरू झाली, आणि तिथेही प्रथम गोऱ्या पलटणींचाच वरचष्मा होता. म्हणजे लेव्हनकाठचे लाल कापड ज्या जहाजमार्गाने आले, त्याच मार्गाने तिकडचा खेळही इकडे आला. 1911 मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागानने, बहुतेक अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा पराभव केला, तेव्हा हा खेळ आपल्याही मालकीचा झाला.

आता रेंटनकडे वळू. जगज्जेतेपद मिळाले 19 मे रोजी. त्यानंतर बरोबर नवव्या दिवशी, 28 मे 1888 रोजी, ग्लासगोत सेल्टिक नावाच्या नव्या क्लबाने आपला पहिला सामना खेळला. हा क्लब एका ख्रिस्ती धर्मबंधूने शहरातल्या गरीब आयरिश वस्तीसाठी पैसा उभा करावा म्हणून काढला होता. हेतू चांगलाच होता. त्या पहिल्या सामन्यात सेल्टिकचा पहिला गोल कोणी केला? नील मॅक्कॅलमने. मधल्या फळीचा आधार कोण होता? जेम्स केली. दोघेही रेंटनच्या ढाल जिंकणाऱ्या संघातले! केली पुढे सेल्टिकचाच झाला, आणि कालांतराने त्या क्लबाचा अध्यक्षही झाला. इतर गडी इंग्लंडात गेले. अँड्र्यू हॅना एव्हर्टनला गेला आणि पुढे लिव्हरपूलचा कप्तान झाला. जॉनी कॅम्पबेल संडरलँडला जाऊन गोलांचा पाऊस पाडू लागला.

असे का झाले? इंग्लंडने 1885 पासून पैसे घेऊन खेळणे कायदेशीर केले होते. स्कॉटलंडात मात्र 1893 पर्यंत खेळाडू हौशीच असला पाहिजे, असा नियम होता. नियम कागदावर होता, आणि हातावर गुपचूप पैसे ठेवले जात होते, ही गोष्ट निराळी. इंग्लंडच्या क्लबांचे दलाल स्कॉटलंडच्या गावोगाव हिंडत, आणि गावकरी त्यांना पिटाळूनही लावीत. पण रंगाच्या कारखान्यात हात लाल करणाऱ्या पोराला कोणी दुप्पट-तिप्पट मजुरी देऊ केली, तर त्याने काय करावे? त्याच्या घरी म्हातारे आईबाप होते, धाकटी भावंडे होती. गावाने त्याला टाळ्या दिल्या, खांद्यावर घेतले. पण टाळ्यांवर चूल पेटत नाही. म्हणून गेलेल्या खेळाडूला दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यायचाच तर व्यवस्थेला द्यावा. खेळाडू तयार करण्याचा सारा खर्च गावाने सोसावा, आणि तयार झालेला खेळाडू शहराने न्यावा, पण गावाच्या पदरात काही पडू नये, अशी ती व्यवस्था होती.

यापुढचा प्रकार तर अधिकच विचार करण्यासारखा आहे. ढालीच्या स्पर्धेत एकदा हरले की हंगाम संपला. मग ओळखीपाळखीचे सामने लावायचे, आणि समोरचा संघ आला तर आला. यातून उत्पन्नाची शाश्वती नव्हती. म्हणून वर्षभर ठरल्या तारखांना सर्वांनी सर्वांशी खेळावे, अशी साखळी-स्पर्धा काढण्याची कल्पना निघाली. त्यासाठी 1890 साली स्कॉटलंडच्या क्लबांना सभेला बोलाविणारी पत्रे लिहिली ती रेंटनचे चिटणीस पीटर फेअर्ली यांनी! कल्पना उत्तम होती. पण तिचा हिशेब कोणाच्या फायद्याचा होता? साखळी-स्पर्धेत क्लब जगतो तो आपल्या मैदानाच्या दाराशी जमणाऱ्या पैशावर. ग्लासगोची वस्ती तेव्हा पाच लाखांच्या वर होती, आणि रेंटनची पाच हजारांच्या आसपास. गावातली सगळी माणसे आली तरी किती येणार? आपल्याच चिटणिसाने सुचविलेल्या वाटेवर चालताना गावाचे पाय थकत गेले.

त्यात संकटही ओढवले. पाच सामने झाले नाहीत तोच रेंटनला स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. कारण काय? खेळाडूंना छुपे पैसे दिल्याबद्दल एडिंबरोच्या सेंट बर्नार्ड्स या क्लबावर बंदी होती. तो संघ नाव बदलून खेळला, आणि रेंटनने त्याच्याशी एक सामना खेळला, हा अपराध. रेंटनकर गप्प बसले नाहीत. त्यांनी कोर्टात दाद मागितली, आणि पुढल्या हंगामात त्यांना परत घेतले गेले. पण एक वर्षाचे उत्पन्न बुडाले, आणखी गडी गेले. 1894 मध्ये संघ वरच्या वर्गात तळाला राहिला आणि खाली उतरला. तरीही 1895 साली तो पुन्हा ढालीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि हरला तो त्याच सेंट बर्नार्ड्सकडून, 2-1 असा. अखेर 1897 मध्ये, हंगामाचे चार सामने झाल्यावर, खर्च झेपेना म्हणून रेंटनने साखळी-स्पर्धा सोडली. त्यानंतर पंचवीसेक वर्षे संघ लहानसहान सामने खेळत राहिला, आणि मग थांबला.

शेजारच्या वेल ऑफ लेव्हनची गत अशीच झाली. 1891-92 च्या हंगामात या तीन वेळच्या विजेत्यांना बावीस सामन्यांत एकही विजय मिळाला नाही, आणि त्यांनीही ती स्पर्धा सोडली. मग कारखान्यांचे काय झाले? तीन मोठ्या रंगारी कंपन्या 1898 च्या सुमारास एक झाल्या. पण हिंदुस्थानात गिरण्या वाढल्या, स्वदेशीची हवा आली, जपानी माल आला. परदेशी लाल कापडाचे दिवस सरले, आणि 1960 च्या सुमारास तिथला तो धंदाही बंद झाला.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की लहान गावच्या संघाचे नशीबच असे. पण तसे नाही. डंबार्टनचा क्लब त्याच नदीच्या तोंडाशी आजही खेळतो आहे. 2024 मध्ये तो कर्जात अडकला, तरी उभा राहिला. आर्ब्रोथ नावाचे मासेमारीचे एक लहान शहर आहे. तिथल्या संघाने 12 सप्टेंबर 1885 रोजी एका सामन्यात 36-0 असा विक्रम केला. तो क्लबही अजून आहे, आणि त्याच गावच्या माणसांच्या जिवावर आहे. वेल ऑफ लेव्हनचे नाव घेऊन 1939 मध्ये अलेक्झांड्रियाच्या लोकांनी नवा क्लब काढला, तोही खेळतो आहे. ते देशाचे विजेते नाहीत. परंतु शनिवारी दुपारी मैदान भरते, पोरे शिकतात, आणि बाप मुलाला हाताला धरून सामना पाहायला नेतो.

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत महिंद्र कंपनीचा संघ 1962 पासून होता. पुढे तो 'महिंद्र युनायटेड' झाला आणि त्याने 2005-06 ची राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली. चार वर्षांनी, 2010 मध्ये, कंपनीने तो बंद केला. गोव्याचे साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे तिन्ही नामांकित क्लब 2016 मध्ये राष्ट्रीय साखळीतून बाहेर पडले. मालकाने कितीही प्रेमाने क्लब चालविला तरी निर्णय मालकाचा असतो. त्याने हात काढून घेतला की हजारो माणसांना नुसते बघत राहावे लागते.

उलट कोल्हापूर पाहा. तिथे क्लबांची नावे ऐका : पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल उचलला. प्रत्येक तालीम पेठेची, गल्लीची. शाहू स्टेडियमवर सामना लागला की सारी पेठ लोटते. कधी ईर्षा हाताबाहेर जाते, हे काही भूषणावह नाही, आणि तिथली जाणती मंडळीही ते बोलून दाखवितात. पण संघ मोडत नाहीत, कारण ते कोणा एकाचे नाहीत. याच शहरातला अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. गाव संघ जपते, तेव्हा असा मुलगा निघतो.

आणि आता आपला पनवेल तालुका. कबड्डीची व्यावसायिक साखळी 2014 मध्ये सुरू झाली. खेळाडूंचे लिलाव होऊ लागले, दूरचित्रवाणीवर सामने दिसू लागले. मातीतल्या पोराला चार पैसे मिळू लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. रेंटनच्या केलीला जे दडून घ्यावे लागले असते, ते आज उघडपणे, मानाने मिळते. पण रेंटनचा प्रश्नही त्याबरोबर आलाच : ज्या गावाने त्या पोराला पहिली चढाई शिकविली, त्याच्याकडे परत काय येते?

दुसरी गोष्ट मैदानाची. नवी मुंबईच्या विमानतळासाठी आपल्या तालुक्यातली दहा गावे उठली. माणसे वडघर, करंजाडे, पुष्पकनगर अशा नव्या वसाहतींत गेली. घर नवे बांधता येते, देऊळही नवे बांधता येते. पण जिथे आजोबा खेळले, बाप खेळला, ते मैदान कागदावर नकाशा काढून तयार होत नाही. जी गावे जागेवर राहिली, त्यांच्याभोवतीही इमारती उभ्या राहत आहेत, आणि मोकळी जागा दर वर्षी आखडते आहे. मैदान गेले की संघाचे नाव काही वर्षे टी-शर्टांवर राहते, मग तेही जाते.

म्हणून या हकिकतीतून तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, मैदान. गावाची खेळाची जागा सरकारी कागदावर खेळाची म्हणून नोंदलेली आहे की नाही, हे ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जाऊन पाहावे. नसेल तर तसा अर्ज आजच करावा. दुसरी, पैसा. संघ एका देणगीदारावर उभा असेल, तर तो त्या देणगीदाराच्या मर्जीइतकाच टिकाऊ. दर घराने थोडी वर्गणी दिली, वही ठेवली, हिशेब चावडीवर वाचून दाखविला, तर संघ खरोखर गावाचा होतो. बाहेर गेलेल्या आणि नाव कमावलेल्या खेळाडूने वर्षातून चार दिवस येऊन पोरांना शिकवावे, असा रिवाज पाडता आला तर फारच उत्तम. तिसरी, लहान मुले आणि मुली. रेंटनचे गडी गेले, याचे दुःख मोठे होते; पण एकामागून एक गेलेल्या गड्यांच्या जागी तितक्याच तोलाची नवी पोरे उभी राहिली नाहीत, हे दुःख त्याहून मोठे.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. रेंटनचा क्लब नाहीसा झाला, तरी त्याची गोष्ट आज आपल्याला सांगता येते, कारण कुणीतरी निकाल लिहून ठेवले, आणि 1888 चे ते पदक-चषक ग्लासगोच्या फुटबॉल संग्रहालयात जपून ठेवले. आपल्या गावच्या संघाची हकिकत कुणी लिहिली आहे काय? सातवी-आठवीच्या मुलांना एक काम द्या. गावातल्या म्हाताऱ्या खेळाडूंकडे त्यांना पाठवा. संघ कोणत्या साली निघाला, पहिले मैदान कुठे होते, पहिली ढाल कुणाकडून जिंकली, प्रवासाचा खर्च कसा भागवीत, कोण कोण बाहेर गेले, हे सारे विचारून घ्या. जुनी हस्तपत्रके, फोटो, ढालींवरची अक्षरे टिपून घ्या, आणि ती वही शाळेच्या कपाटात ठेवा. सनावळ्या पाठ करण्यापेक्षा मुले इतिहास त्यातून अधिक शिकतील. आणि पुढे कधी मैदानाचा प्रश्न उभा राहिला, तर तुमच्या गावाकडे दाखवायला निदान एक कागद असेल.